लहान लेथवर टूल सेंटरला लावणे : उंचीचे गणित, तपासणी आणि पॅकिंग

लेथवर नवा आलेला माणूस पहिल्या काही दिवसांत ज्या तक्रारी करतो, त्यांतल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ एकच निघते. फेसिंग केल्यावर, म्हणजे जॉबचे (कापायच्या तुकड्याचे) टोक सपाट कापल्यावर, मधोमध घुंडी उरते, बारीक पिन टर्न करताना (बाहेरून गोल कापताना) ती वाकून टूलवर चढू पाहते, पार्टिंग टूल (जॉब कापून वेगळा करणारे) जॉबमध्ये अडकून मोडते, नवीन धार लावलेले टूलही घासते आणि कापत नाही. अशा वेळी धार, स्पीड, फीड आणि मटेरियल यांवर संशय घेतला जातो. टूलचे टोक स्पिंडलच्या (जॉब फिरवणाऱ्या दांड्याच्या) अक्षाच्या नेमक्या पातळीवर, म्हणजेच सेंटरला आहे की नाही, हे मात्र शेवटी पाहिले जाते. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. टूल बांधल्यावर सर्वांत आधी उंची पाहावी, कारण उंची चुकलेली असेल तर बाकीच्या दुरुस्त्यांचा अर्थच लागत नाही.

हा लेख प्रामुख्याने घरच्या किंवा छोट्या वर्कशॉपमधील बेंच लेथ, राजकोट-बटाला बनावटीचे तीन ते साडेचार फुटी लेथ आणि चौकोनी टूल पोस्ट वापरणाऱ्यांसाठी लिहिला आहे. नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या मोठ्या कारखान्यांत सीएनसी यंत्रांवर हे काम टरेटची (टूले धरणाऱ्या फिरत्या डोक्याची) बनावट आणि ठरावीक मापाचे होल्डर सांभाळून घेतात. उप्पलवाडीच्या एखाद्या जॉब शॉपमध्ये किंवा घरामागच्या शेडमध्ये ते आपल्यालाच पत्र्याच्या पट्ट्या लावून करावे लागते.

चुकलेल्या उंचीने नेमके काय बिघडते

टर्निंगच्या टूलला दोन महत्त्वाचे कोन असतात. वरच्या पृष्ठभागाचा तो रेक कोन आणि टोकाखालची मोकळीक म्हणजे क्लिअरन्स कोन. ग्राइंडरवर आपण हे कोन टूलच्या बुडाच्या संदर्भाने घडवतो. पण कापताना प्रत्यक्ष लागू होतात ते जॉबच्या पृष्ठभागाच्या संदर्भाने. टोक अक्षाच्या पातळीवर असेल तर घडवलेले आणि प्रत्यक्ष लागू होणारे कोन सारखेच असतात. टोक वर गेले की बाहेरच्या टर्निंगमध्ये रेक वाढतो आणि क्लिअरन्स तेवढाच कमी होतो. टोक खाली गेले की याच्या उलट घडते.

हा बदल किती होतो, याचे सूत्र सोपे आहे. उंचीतील चूक भागिले जॉबची त्रिज्या, एवढी ज्या कोनाची साइन असेल तेवढ्या अंशांनी दोन्ही कोन सरकतात. समजा टूल ०.३ मिमी वर बांधले गेले आहे. ५० मिमी व्यासाच्या जॉबवर हा फरक जेमतेम ०.७ अंश येतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. तेच टूल ६ मिमीच्या पिनवर लावले तर त्रिज्या ३ मिमी आणि फरक ५.७ अंश होतो. हायस्पीड स्टीलच्या टूलला आपण साधारण ७ अंशांचा क्लिअरन्स देतो. म्हणजे उरला सव्वा अंश. एवढ्या मोकळिकीत धारेखालचा भाग जॉबवर घासू लागतो, पिन तापते, चकाकते आणि माप उतरत नाही. ‘मोठ्या जॉबवर हेच टूल छान चालत होते’ ही तक्रार त्यामुळे खरी असते, पण तिच्यातून टूलची उंची बरोबर असल्याचे सिद्ध होत नाही. उंचीची चूक किती खपेल, हे जॉबचा व्यास ठरवतो.

फेसिंगमध्ये तर टूल कडेपासून केंद्राकडे जात असल्याने त्रिज्या सतत कमी होत शून्याकडे जाते. वरच्या उदाहरणातील ७ अंश क्लिअरन्सचे आणि ०.३ मिमी वर बसलेले टूल सुमारे ५ मिमी व्यासापर्यंत कापत येते आणि त्यापुढे त्याची सगळी मोकळीक संपते. पुढचा भाग ते कापत नाही, नुसते ढकलते.

टूल खाली असेल तर घासण्याचा त्रास नसतो, पण रेक कमी झाल्याने कापण्याचा जोर वाढतो आणि बारीक जॉब टूलच्या टोकावरून वर चढू पाहतो. पार्टिंगमध्ये हा धोका सर्वांत मोठा असतो. सेंटरच्या किंचित खाली असलेले पार्टिंग टूल जॉब जवळपास सुटत आला असताना त्याच्याखाली शिरते आणि एक तर जॉब वाकतो किंवा ब्लेड मोडते.

मापातही फरक पडतो. टूल अक्षाच्या पातळीवर नसेल तर क्रॉस स्लाईड (टूल जॉबकडे आडवे नेणारी स्लाईड) १ मिमी आत घेतल्यावर त्रिज्या नेमकी १ मिमी कमी होत नाही. १० मिमीच्या सळईला ०.५ मिमी चुकलेले टूल टेकवून डायल शून्यावर आणला आणि २ मिमी आत गेलो, तर व्यास ६.०० न येता ६.०३ मिमी येतो. बेअरिंग बसवायच्या शाफ्टवर हे तीन शतांश पुरेसे महाग पडतात. कंपाउंड (क्रॉस स्लाईडवरची, कोनात फिरणारी स्लाईड) फिरवून टेपर म्हणजे निमुळता आकार कापताना तर टेपरची कडच सरळ येत नाही, ती किंचित आत वळते. ठसा दाखवणारी निळी शाई लावून सॉकेटमध्ये फिरवले की दोन टोकांना ठसा उमटतो आणि मधला भाग कोरा राहतो. टेपर जुळेना म्हणून कंपाउंडचा कोन पुन्हापुन्हा हलवत बसणाऱ्याने एकदा टूलची उंची पाहावी.

सुरुवातीची तयारी

उंची तपासण्यापूर्वी ज्यावर ती उभी आहे, ते सगळे स्वच्छ असले पाहिजे. टूल पोस्ट सोडून उचलावे, त्याच्या बुडाखालचा आणि कंपाउंडच्या माथ्यावरचा किस पुसावा, कडांना आलेली बर (उठलेली बारीक धार) बारीक ऑइल स्टोनने काढावी. टूल पोस्टच्या खाचेत जुन्या बोल्टांनी पडलेले खड्डे आणि त्यांच्या उठलेल्या कडा असतात. त्यावर पॅकिंग सपाट बसत नाही आणि बोल्ट आवळताना टूलचे टोक खाली-वर होते. खाचेचा तळ सपाट फाइलने हलक्या हाताने साफ करून घ्यावा.

कंपाउंड आणि क्रॉस स्लाईडच्या गिबमध्ये (स्लाईड घट्ट ठेवणाऱ्या पट्टीत) ढिलाई असेल तर तीही आधी काढावी. बंद यंत्रात टूल पोस्ट हाताने वर-खाली हलवून पाहिल्यास ढिलाई हाताला जाणवते. ढिल्या स्लाईडवर बंद यंत्रात घेतलेली उंची कापताना राहत नाही.

टूल खाचेबाहेर किती काढायचे, हेही याच वेळी ठरवावे. दांड्याच्या जाडीच्या एक ते दीड पट, यापेक्षा जास्त बाहेर काढू नये. १२ मिमीचा दांडा ४० मिमी बाहेर काढून उंची शतांशात जुळवणे व्यर्थ आहे, कारण कापताना तो त्याहून अधिक वाकेल.

ही सर्व जुळवाजुळव स्पिंडल बंद ठेवून, शक्य असल्यास मेन स्विच पाडून करावी. चक की (जॉब धरणाऱ्या चकची चावी) चकमध्ये राहिलेली नाही ना, हे पाहावे. टूलच्या टोकाजवळ चेहरा आणि बोटे न्यावी लागतात, म्हणून हे पुन्हा सांगतो आहे.

पहिली पायरी : ढोबळ उंची

सर्वांत प्रचलित रीत म्हणजे टेलस्टॉकमध्ये (बेडच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या आधारात) डेड सेंटर (न फिरणारे अणकुचीदार टोक) बसवून त्याच्या टोकाशी टूलचे टोक भिडवणे. ती जलद आहे, पण तिच्यावर पूर्ण भरवसा ठेवू नये. नव्या लेथचा टेलस्टॉक बहुधा किंचित उंच ठेवलेला असतो, कारण बेडवर सरकून त्याचे बूड पुढे झिजणारच असते. जुन्या लेथचा टेलस्टॉक त्याच कारणाने खाली आलेला असतो. शिवाय क्विल (टेलस्टॉकमधून पुढे येणारी नळी) बरीच बाहेर काढली तर ती टोकाशी वाकते. आपल्या यंत्राचा टेलस्टॉक किती खरा आहे, हे एकदा तपासून ठेवावे. चकमध्ये एक सळई धरून तिला तिथेच अणकुचीदार टोक टर्न करावे, टेलस्टॉकचे सेंटर तिच्यासमोर आणावे आणि दोन टोकांच्या मध्ये दाढीचे ब्लेड किंवा पातळ पट्टी अलगद दाबून धरावी. टोके एकमेकांसमोर असतील तर पट्टी सरळ उभी राहते; एखादे टोक वर किंवा खाली असेल तर पट्टी मागे-पुढे कलते. सळई चकमधून काढून पुन्हा बसवली तर तिचे टोक अक्षावर राहत नाही, म्हणून टर्न करून लगेच, न हलवता हे पाहावे.

सेंटरशी टूल भिडवताना डोळा टूलच्या टोकाच्या पातळीत आणावा. बहुतेकजण वरून वाकून पाहतात आणि त्यामुळे उंची चुकते. पलीकडे पांढरा कागद धरला आणि छोटे भिंग वापरले की टोके स्पष्ट दिसतात.

दुसरी रीत पोलादी स्केलची आहे आणि ती टेलस्टॉकवर अवलंबून नाही, म्हणून मला ती अधिक पसंत आहे. चकमध्ये गुळगुळीत गोल सळई धरावी. सहा इंची स्केल उभी करून सळई आणि टूलचे टोक यांच्यामध्ये धरावी आणि क्रॉस स्लाईड हळूच पुढे घेऊन तिला जेमतेम पकडावी. स्केल नेमकी उभी राहिली तर टोक सेंटरला आहे. स्केलचा वरचा भाग आपल्याकडे कलला तर टूल खाली आहे, ते उचलावे लागेल. वरचा भाग पलीकडे, जॉबकडे कलला तर टूल वर आहे. यामागचे कारण असे, की टूल ज्या उंचीवर स्केल दाबते, त्या उंचीवरच्या सळईच्या उताराला ती समांतर बसते.

सळई जितकी बारीक तितकी ही रीत संवेदनशील होते. २० मिमीच्या सळईवर ०.१ मिमीची चूक असेल तर स्केलचे टोक ७५ मिमी उंचीवर सुमारे पाऊण मिलिमीटर कलते; १० मिमीच्या सळईवर तेच दीड मिलिमीटर होते. म्हणून ८ ते १० मिमीची सळई घ्यावी. कार्बाइडचे टोक ठिसूळ असते. स्केल पकडताना हँडल एका बोटाने फिरवावे, आवळू नये. स्केल खरोखर उभी आहे का, हे नजरेने ठरत नसेल तर बेडवर लहान गुण्या उभा करून त्याच्याशी तुलना करावी.

दुसरी पायरी : फेसिंगची घुंडी

वरच्या दोन्ही रीतींनी उंची साधारण ०.१ मिमीच्या आत येते. अंतिम निकाल मात्र फेसिंगवरच द्यावा, कारण तिथे टूल थेट स्पिंडलच्या खऱ्या अक्षाशी भिडते. टेलस्टॉक, नजर, गुण्या यांपैकी कुणाचीही साक्ष लागत नाही.

चकमध्ये माइल्ड स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची १५-२० मिमीची सळई आखूड बाहेर काढून धरावी. टूलचे टोकच पुढे असेल असा त्याचा कोन ठेवावा. कट ०.२ मिमीपेक्षा जास्त घेऊ नये. कडेपासून केंद्राकडे हळू फेसिंग करत यावे आणि शेवटचे दोन मिलिमीटर हाताने, अगदी सावकाश जावे. केंद्राच्या पलीकडे टूल नेऊ नये. पलीकडे जॉबचा पृष्ठभाग खालून वर येत असतो आणि त्या उलट्या रेट्याने कार्बाइडचे टोक उडते.

मध्ये घुंडी उरली तर यंत्र थांबवून ती नीट पाहावी. टूलचे टोक घुंडीजवळ आणले की ते तिच्या वरच्या कडेशी आहे की खालच्या, हे थेट दिसते. घुंडी स्वच्छ, दंडगोल आणि शाबूत असून टूल तिच्या खालून सरकून गेले असेल तर टूल खाली आहे. घुंडी घासलेली, चकचकीत, एका बाजूला दबलेली किंवा तुटून खरबरीत झालेली असेल तर टूल वर आहे.

घुंडीचा उपयोग एवढ्यावर संपत नाही. तिचा व्यास हा उंचीतील चुकीच्या बरोबर दुप्पट असतो. व्हर्नियरने घुंडी ०.८ मिमी भरली तर टूल ०.४ मिमी चुकले आहे, म्हणजे तेवढ्या जाडीची पट्टी घालायची किंवा काढायची. अंदाजाने पट्ट्या बदलत बसण्यापेक्षा हे एक माप सगळा वेळ वाचवते. टूल वर असताना मात्र घुंडी दबल्यामुळे तिचे माप फसवे असू शकते. म्हणून पहिल्या वेळी टूल मुद्दाम किंचित खाली ठेवून सुरुवात करावी आणि स्वच्छ घुंडीचे माप घ्यावे. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक घुंडी व्हर्नियरच्या जबड्यांत नीट येत नाही, तिथे भिंग आणि सवय यांवर चालावे लागते. घुंडी पूर्ण नाहीशी होऊन मधोमध पृष्ठभाग सलग दिसला की काम झाले.

ज्यांच्याकडे चार जबड्यांचे चक आहे, त्यांना आणखी एक रीत वापरता येते. जॉबचा फेस स्वच्छ करून त्यावर मार्कर पेनची शाई लावावी. एक जबडा आडवा, बेडला समांतर करून त्याखाली बेडवर ठोकळा ठेवावा, म्हणजे ती स्थिती पुन्हा मिळेल. यंत्र बंद ठेवून टूलचे टोक फेसला जेमतेम टेकवावे आणि क्रॉस स्लाईडने आडवी रेघ ओढावी. चक अर्धा फेरा फिरवून समोरचा जबडा त्याच ठोकळ्यावर टेकवावा आणि पुन्हा रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर टूल सेंटरला आहे. दोन समांतर रेघा दिसल्या तर त्यांच्यातील अंतराचा निम्मा भाग ही चूक. न कापता तपासायचे असेल तेव्हा ही रीत उपयोगी पडते.

पॅकिंग कशाचे आणि कसे

चौकोनी टूल पोस्टमध्ये उंची मिळवण्याचा मार्ग पॅकिंगचाच आहे. खाचेच्या तळापासून सेंटरपर्यंतचे अंतर एकदा नीट काढून टूल पोस्टवर किंवा भिंतीवर लिहून ठेवावे. इन्सर्टच्या (बदलता येणाऱ्या कार्बाइडच्या टोकाच्या) प्रमाणित टर्निंग होल्डरमध्ये टोकाची उंची दांड्याच्या उंचीएवढीच असते. त्यामुळे हे अंतर १६.४ मिमी असेल आणि होल्डर १२ मिमीचा असेल तर ४.४ मिमीचे पॅकिंग लागणार, हे टूल बांधण्याआधीच ठरते.

जाड पॅकिंगसाठी इतवारीतील लोहा ओळीत पट्टी घेताना ब्राइट पट्टी मागावी. काळ्या पट्टीवर पापुद्रा असतो आणि तिची जाडी टोकाटोकाला बदलते. ३, ४, ५ आणि ६ मिमीच्या पट्ट्या टूलच्या दांड्याएवढ्या रुंद आणि टूल पोस्टच्या खाचेएवढ्या लांब कापून, कडा फाइलने मोडून ठेवल्या की बहुतेक गरज भागते. पातळ पॅकिंगसाठी पितळी शिम (पातळ पत्र्याची पट्टी) सर्वांत चांगली. तुटलेले हॅक्सॉ ब्लेडही उत्तम चालते. साधे हाताचे ब्लेड सुमारे ०.६५ मिमी जाड असते. मात्र त्याचे दात आधी ग्राइंडरवर पूर्ण काढावेत, कारण दातांना दिलेला सेट ब्लेडच्या अंगापेक्षा जाड असतो आणि टूल तिरके बसते. जुन्या फीलर गेजची पाने ०.०५ मिमीपासून मिळतात आणि त्यांवर जाडी छापलेलीच असते. शीतपेयाच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमी भरतो आणि कात्रीने कापता येतो.

कागद, पुठ्ठा आणि रबर वापरू नये. आवळताना ते दबतात आणि कापताना आणखी दबतात. उभ्या दिशेने उंची मिळाली तरी टूल त्यावर डळमळते आणि चॅटर (कापताना थरथर) येतो.

पट्ट्यांची संख्या कमीत कमी ठेवावी. सहा पातळ पट्ट्यांच्या चळतीपेक्षा एक जाड आणि एक पातळ पट्टी जास्त घट्ट बसते. जाड पट्टी तळाला, बारीक शिम तिच्यावर ठेवावी. पॅकिंग टूल पोस्टच्या पुढच्या कडेपर्यंत पूर्ण पोहोचले पाहिजे. ते मागेच थांबले तर टूलचा पुढचा भाग अधांतरी राहतो. फक्त पुढच्या बाजूला शिम घालून टूल तिरके उचलण्याची एक सवय अनेक वर्कशॉपमध्ये दिसते. तिच्यामुळे टोक वर येते हे खरे, पण त्याबरोबर रेक आणि क्लिअरन्सही बदलतात आणि दांडा दोनच ठिकाणी टेकतो. ही सवय सोडावी.

टूल बांधताना सर्व बोल्ट आधी हलके लावावेत, मग मधल्यापासून सुरुवात करून आळीपाळीने आवळावेत. उंचीचा निर्णय बोल्ट पूर्ण आवळल्यानंतरच करावा. सैल टूलची जुळवलेली उंची आवळल्यावर सहज दहा-पंधरा शतांश बदलते.

क्विक चेंज टूल पोस्ट असेल तर पॅकिंगची गरज राहत नाही. होल्डरवरच्या स्क्रूने उंची जुळवून लॉक नट आवळायचा असतो. प्रत्येक टूलला आपापला होल्डर देता आला तर जुळवलेली उंची टिकते. एकाच होल्डरमध्ये आलटून पालटून टूले बांधणाऱ्याला या पोस्टचा निम्मा फायदा मिळत नाही.

तिसरी पायरी : कायमचे उंची गेज

दर वेळी घुंडी काढत बसण्याऐवजी आपल्याच लेथच्या मापाचे एक गेज करून ठेवले की टूल बांधायला मिनिटभर पुरते. यासाठी क्रॉस स्लाईडच्या सपाट पृष्ठभागापासून स्पिंडलच्या अक्षापर्यंतची उंची काढावी लागते.

चकमध्ये एक जाड सळई धरून तिचा थोडा भाग टर्न करावा आणि ती चकमधून काढू नये. तिथेच टर्न केल्यामुळे चक किंचित फिरकत असले तरी हा भाग अक्षाशी एककेंद्री असतो. तिचा व्यास मायक्रोमीटरने घ्यावा. क्रॉस स्लाईड तिच्याखाली आणून स्लाईडचा पृष्ठभाग आणि सळईची खालची कड यांतील अंतर इनसाइड कॅलिपरने किंवा स्लिप गेजने (ठरावीक जाडीच्या ठोकळ्यांनी) मोजावे. अंतर ३८.२० मिमी आणि व्यास २०.०० मिमी असेल तर अक्षाची उंची ४८.२० मिमी आली.

आता २५ ते ३० मिमी व्यासाचा गोल तुकडा घेऊन दोन्ही बाजू फेस करून त्याची लांबी नेमकी एवढीच आणावी. शेवटची काही शतांशे राहिली असताना एकदम कट न घेता ०.०५ मिमीच्या पावलांनी उतरावे. बूड मधोमध किंचित पोकळ ठेवले की ते कडेवर स्थिर उभे राहते. वापरताना गेज क्रॉस स्लाईडवर उभे करून त्याच्या माथ्यावर स्केल सपाट दाबून धरायची आणि तिचे टोक टूलवर आणायचे. टूलचे टोक स्केलच्या खालच्या बाजूला अलगद टेकले पाहिजे. नख गेजच्या माथ्यावरून टूलकडे ओढले तरी दोन-तीन शतांशांची पायरी बोटाला कळते.

गेज तयार झाल्यावर त्याने लावलेल्या टूलने एकदा फेसिंग करून घुंडी पाहावी. घुंडी उरली तर तिच्या निम्म्या मापाने गेज कमी करावे किंवा नवे करावे. गेज खरे ठरले की त्यावर लेथचे नाव किंवा खूण कोरावी, कारण शेजारच्या लेथवर ते चालणार नाही.

नागपूरच्या मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये पारा ४५ अंशांच्या वर असताना उंची बदलत असेल का, असा प्रश्न काहीजण विचारतात. ओतीव लोखंड दर अंशाला मीटरमागे सुमारे ११ मायक्रॉन वाढते. बेड, कॅरेज आणि हेडस्टॉक एकत्रच तापतात, त्यामुळे हवेच्या उष्म्याचा परिणाम जवळपास कापला जातो. बेअरिंगमुळे हेडस्टॉक बाकी यंत्रापेक्षा २० अंशांनी जास्त तापला, तरी १०० मिमी सेंटर उंचीवर फरक ०.०२ मिमीच येतो. घुंडी उरली तर उन्हाळ्याला दोष देता येणार नाही.

कोणत्या कामाला किती सूट

२५ मिमीच्या वरच्या साध्या टर्निंगला ०.१ मिमीची चूक चालते. १० मिमीखालच्या जॉबवर ती ०.०५ मिमीच्या आत हवी. बाहेरच्या टर्निंगमध्ये चूक राहणारच असेल तर ती किंचित खालच्या बाजूला असलेली बरी. खाली असलेले टूल निदान कापते, वर असलेले घासते. जुने टर्नर जड कट घेताना टूल थोडे वर बांधत, पण तो सल्ला मोठ्या व्यासाचा आणि मजबूत यंत्राचा आहे, बेंच लेथने तो घेऊ नये. पितळावर टूल जॉबमध्ये ओढले जाते म्हणून काहीजण ते खाली बांधतात. त्यापेक्षा शून्य रेकची वेगळी धार लावून टूल सेंटरलाच ठेवावे.

आटे कापताना आणि पार्टिंगला सूट नाही. आट्यांमध्ये उंची चुकली की कडांचा आकार बिघडतो आणि ६० अंशांचे टूलही ६० अंशांचे आटे देत नाही. पार्टिंग टूल लावताना टोकाबरोबर पूर्ण ब्लेडची वरची कडही आडवी आहे ना, हे पाहावे.

बोरिंगमध्ये सगळे उलटे होते आणि इथे सर्वाधिक गफलत होते. भोकाच्या आत टूल सेंटरच्या वर गेले की क्लिअरन्स वाढतो आणि खाली गेले की कमी होतो. बोरिंग बार लांब आणि बारीक असल्याने कापताना खाली वाकतो. तो सेंटरला लावला असेल तर वाकल्यावर सेंटरखाली जातो, त्याच्या बुडाची मोकळीक संपते, आणि भोवतालची भिंत गोल असल्याने कटही खोल होत जातो. थोडा वर लावला असेल तर वाकताना तो सेंटरकडे येतो आणि कट आपोआप हलका होतो. म्हणून बोरिंग बार ०.१ ते ०.२ मिमी वर लावावा.

मार्च उजाडला की नागपुरातल्या छोट्या लेथवर डेझर्ट कूलरच्या मोटरचे आणि पंपाचे बुश यायला लागतात. बाहेरून २० मिमी आणि आतून १२ मिमी असा गनमेटलचा बुश करायचा असेल तर फेसिंग आणि बाहेरचे टर्निंग गेजने लावलेल्या टूलने करावे, १२ मिमीसाठी आधी ११ मिमीचे ड्रिल घालावे आणि बोरिंग बारच्या पॅकिंगमध्ये ०.१५ मिमीची शिम जास्त ठेवावी. ११ मिमीच्या भोकात जाणारा बार ८ मिमीपेक्षा जाड नसतो, तेव्हा त्याचे बूड भोकाच्या भिंतीला खालून टेकत नाही ना, हे हाताने चक फिरवून पाहावे. बूड टेकत असेल तर उंची न बदलता बुडाचा तेवढा भाग ग्राइंड करावा. शेवटचा कट घेताना त्याच मापावर टूल दोनदा आत-बाहेर न्यावे, म्हणजे वाकलेला बार सरळ होऊन उरलेले मटेरियल निघते.

पुन्हा केव्हा तपासावे

हायस्पीड स्टीलच्या टूलला वरचा रेक असेल तर प्रत्येक धारेनंतर टोक खाली जाते, मग धार पुढून लावा किंवा वरून. वरचा पृष्ठभाग सपाट असून धार फक्त पुढून लावली असेल तरच उंची तीच राहते. कार्बाइड इन्सर्टची बाजू फिरवल्यावर फरक नगण्य असतो; नव्या खोक्यातील, विशेषतः दुसऱ्या बनावटीचा इन्सर्ट लावला तर मात्र एकदा फेस करून पाहावे. टूल पोस्ट कंपाउंडवर फिरवल्याने उंची बदलू नये; बदलत असेल तर खाली किस किंवा बर आहे.

१६ मिमीचा होल्डर लहान टूल पोस्टमध्ये पॅकिंग न लावताही सेंटरच्या वर जातो, ही अडचण स्वस्तात मिळालेल्या जुन्या होल्डरमुळे अनेकांना येते. अशा वेळी इन्सर्टचे टोक घासू नये आणि होल्डर तिरकाही बांधू नये. त्याचे बूड शेपरवर किंवा मिलिंगवर हवे तेवढे कापून घ्यावे. होल्डर कडक केलेले असतात, म्हणून कार्बाइडचे कटर लागेल. लागणाऱ्या मापापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त कापावे आणि तो फरक शिमने भरावा, म्हणजे पुढे उंची दोन्ही बाजूंना हलवायला जागा राहते.

पॅकिंगच्या पट्ट्या टूल पोस्टजवळ एका डब्यात, प्रत्येक पट्टीवर मायक्रोमीटरने मोजलेली जाडी कोरून ठेवाव्यात. पावसाळ्यात त्यांच्यावर तेलाचा हात फिरवावा आणि गंजलेली पट्टी घासून पुन्हा वापरण्यापूर्वी तिची जाडी नव्याने मोजून घ्यावी.